ओढलं गेलं की किल्ली फिरवली?

दुपारचा दीड. ओला कचरा बाहेर ठेवायला म्हणून कोणी अनवाणीच दाराबाहेर पाऊल टाकतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, गॅलरीचं दार उघडं. वाऱ्याचा एक झोत घरातून आरपार जातो आणि मागे धाडकन आवाज होतो. हातात कचऱ्याची बादली, किल्ली आत टीव्हीशेजारच्या खुंटीला, मोबाइल ओट्यावर. नौपाड्यातली लिफ्ट नसलेली जुनी इमारत असो की घोडबंदर रोडवरचा विसावा मजला, ठाण्यात चावीवाल्याला तातडीने बोलावणं जातं ते बरेचदा चोरीमुळे नव्हे आणि किल्ली हरवल्यामुळेही नव्हे. वाऱ्यामुळे.

शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून फोन लागतो. पलीकडचा माणूस जाणता असेल तर पत्ता विचारायच्या आधी तो एक प्रश्न विचारतो : ‘‘ताई, दार ओढलं गेलंय की किल्ली फिरवलीय?’’

या प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं. आपल्या दारांवर जे लॅच असतं त्याच्या जिभेला एका बाजूने उतार असतो आणि मागे स्प्रिंग असते. दार आपटलं की जीभ आत दबते, चौकटीवरच्या पट्टीसमोर आली की बाहेर उडी मारते आणि दार लागतं. पण ते फक्त लागलेलं असतं, बंद केलेलं नसतं. जीभ अजून स्प्रिंगवर आहे, दाबली तर मागे जाईल. किल्ली फिरवून लॉक केलं की मात्र जीभ अडकून बसते आणि दाबून हलत नाही. पहिल्या अवस्थेतलं दार सिलिंडरला, म्हणजे किल्ली जिच्यात घालून फिरवतो त्या नळीला, हातही न लावता उघडता येतं. सराव असलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या अवस्थेत सिलिंडरच वळवावा लागतो, म्हणजे खरी कारागिरी लागते.

म्हणून नुसत्या ओढल्या गेलेल्या साध्या लॅचच्या दारासमोर येऊन जो माणूस पिशवीतून आधी ड्रिल मशीन काढतो, त्याला काम येत नाही किंवा त्याला नवं कुलूप विकायचं आहे. तिसरी शक्यता फारशी नसते.

जाणता माणूस आणखी काही विचारतो. आत कोणी आहे का? आतली कडी लागलेली असू शकते का? सेफ्टी डोअर कोणत्या बाजूला आहे, ते उघडं आहे ना? किल्ली चपटी आणि एका बाजूने दात्यांची आहे, की पात्यावर खळगे असलेली? (त्या खळग्यांच्या किल्लीला बाजारात सरसकट ‘कॉम्प्युटर की’ म्हणतात. तिच्यात कॉम्प्युटर कुठेच नसतो. ती मशीनवर कोरतात एवढंच.) मग तो लॅचचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवतो. फोटो जवळून नको, दोन हातांवरून काढलेला बरा, म्हणजे मूठ, किल्लीचं भोक आणि चौकट एकत्र दिसतात.

आणि तो गॅस विचारतो. कुकर लावून बाहेर आलात का? दूध ठेवलंय का? उत्तर ‘हो’ असेल, किंवा आत रांगतं मूल असेल, आजारी माणूस असेल, तर चावीवाल्याची वाट बघत बसू नये. अग्निशमन दलाचा १०१ किंवा ११२ फिरवावा. ती माणसं दार वाचवायला येत नाहीत, माणूस वाचवायला येतात. चौकट फुटेल, लॅच जाईल, ते नंतर बघता येतं. त्यांना फोन केल्यावर चावीवाल्यालाही बोलवायला हरकत नाही. जो आधी पोहोचेल तो. तोवर एकाने खाली जाऊन वॉचमनला सांगावं आणि पाइपचा गॅस असेल तर त्या फ्लॅटची झडप बाहेर कुठे आहे ते शोधावं. काही इमारतींत ती जिन्यात किंवा डक्टमध्ये असते, आणि ती कुठे आहे हे सोसायटीत एखाद्यालाच ठाऊक असतं. मूल आत असेल तर दाराबाहेरून ओरडू नये, त्याच्याशी हळू बोलत राहावं आणि त्याला दारापासून लांब बसवावं, कारण दार कोणत्या क्षणी आत ढकललं जाईल सांगता येत नाही.

बहुतेक वेळा असं काही नसतं. फक्त भर दुपारी जिन्यात अनवाणी उभं राहण्याची लाज असते. आणि त्या लाजेपायी आपण घाईत चुकीचा माणूस निवडतो.

मोबाइलवर शोधलं की चार-पाच नावं वर येतात, सगळ्यांना भरपूर तारे. त्यातले काही क्रमांक दुकानाचे नसतातच. फोन कुठल्या तरी ऑफिसात वाजतो, तिथून जो मोकळा असेल त्याला पाठवतात, आणि त्याला मिळणाऱ्या पैशातून ऑफिसचा वाटा जातो. फोनवर सांगितलेला आकडा ऐकून आपण खूश होतो. दारात आल्यावर माणूस लॅचकडे बघून मान हलवतो : ‘‘हे हाय सिक्युरिटी आहे, ड्रिल करायला लागेल.’’ मग आकडा चौपट. अशा वेळी ओळखायची खूण एकच. फोनवर विचारावं, तुम्ही बसता कुठे? ‘‘पूर्ण ठाण्यात सर्व्हिस आहे मॅडम,’’ हे उत्तर नव्हे. ‘‘गोखले रोडला, अमक्या मेडिकलच्या बाजूला, फुटपाथवर पेटी आहे,’’ हे उत्तर.

ती पेटी हीच त्याची सनद. आपल्याकडे या धंद्याला वकिलीसारखी किंवा डॉक्टरीसारखी नोंदणी नाही. कोणीही कानस घेऊन बसावं. त्यामुळे स्टेशनबाहेर, जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वर्तकनगरच्या एखाद्या कोपऱ्यावर जो माणूस वर्षानुवर्षं त्याच जागेवर दिसतो, त्याच्या जागेलाच किंमत आहे. मागे पत्र्याच्या फळीवर टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या, समोर छोटा शिकंजा, तीन-चार प्रकारच्या कानशी, शेजारच्या दुकानातून वीज घेऊन चालणारं नक्कल करायचं मशीन. त्याने एका घरात गडबड केली तर उद्या त्याच फुटपाथवर त्याला बसता येणार नाही. दाट वस्तीचा हा एक फायदा आहे : इथे माणसाला हरवता येत नाही. गर्दीत चोर लपतो हे खरं, पण गर्दीत रोज बसणारा मात्र लपू शकत नाही.

पण विश्वासाचा हा हिशेब आपण नेहमी एकाच बाजूने मांडतो. चावीवाला भरवशाचा आहे का, एवढंच बघतो. त्याच्या बाजूने बघा. एक अनोळखी माणूस त्याला सांगतोय, हे घर माझं आहे, उघड. पुरावा काय? आधार कार्ड आत, वीजबिल आत, मोबाइल आत. म्हणून चांगला चावीवाला दाराला हात लावण्याआधी शेजाऱ्याला बाहेर बोलावतो, वॉचमनला वर यायला सांगतो, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावायला लावतो, आणि दार उघडल्यावर ओळखपत्र बघूनच पिशवी आवरतो. कित्येकांना याचा राग येतो. ‘‘माझ्याच घरात शिरायला मी पुरावे देऊ?’’ द्यावे. जो तुमच्यावर काहीच शंका न घेता तुमचं दार उघडतो, तो उद्या दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरूनही तेच दार उघडेल. माझ्या मते चावीवाला पारखायची यापेक्षा चांगली कसोटी नाही. दर, वेग, अवजारं हे सगळं नंतर.

काही दारं तो उघडतच नाही, आणि ते ऐकून त्याच्यावर चिडू नये. भाडेकरू भाडं देत नाही म्हणून मालकाने त्याच्या घराचं कुलूप काढायला बोलावलं तर शहाणा चावीवाला पाय मागे घेतो. नवरा-बायकोच्या भांडणात एकाने लॅच बदललं आणि दुसरा दारात उभा असला, भावाभावांत वडिलांच्या खोलीवरून वाद असला, तरी तेच : ‘‘आधी पोलिसांना घेऊन या.’’ बँकेचं किंवा कोर्टाचं सील असेल तर तो लांबूनच हात जोडतो. आणि आतला माणूस दोन दिवस दार उघडत नाही, फोन घेत नाही, अशा वेळी तर पोलीस आल्याशिवाय कुलपाला हातच लावायचा नसतो. शेजाऱ्यांना काळजीपोटी घाई असते, पण दार उघडताना आत काय दिसलं याचा पंचनामा व्हावा लागतो, आणि त्यात चावीवाल्याने नेमकं काय केलं तेही येतं.

आता प्रत्यक्ष उघडण्याकडे. अमेरिकेत लायनस येल या धाकट्या येलने १८६१ मध्ये ज्या सिलिंडरचं पेटंट घेतलं, त्याचीच पिढी अजून आपल्या दारांवर आहे. आत पाच किंवा सहा पिनांच्या जोड्या, प्रत्येकीच्या डोक्यावर छोटी स्प्रिंग. योग्य किल्ली गेली की सगळ्या जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि सिलिंडर फिरतो. एक पिन अर्धा मिलिमीटर वर-खाली असली तरी फिरत नाही. चावीवाला या पिना एकेक करून बोटांनी ‘ऐकतो’. म्हणून काम करताना त्याच्या डोक्यावर उभं राहून प्रश्न विचारू नयेत. त्याचे डोळे नव्हे, हात काम करत असतात. जमलं नाही तर कोरी किल्ली घालून दाब देतात, पिनांचे बारीक ठसे पितळेवर उमटतात, तेवढ्याच जागा कानशीने घासतात, पुन्हा घालतात, पुन्हा घासतात. या पद्धतीने वेळ लागतो, पण शेवटी दारही उघडतं आणि हातात चालणारी किल्लीही येते. किल्ली हरवली असेल तर हीच वाट आधी विचारावी.

ड्रिल अगदी शेवटी. आणि ड्रिल लागलंच तरी जातो तो फक्त सिलिंडर. लॅचचा डबा, मूठ, चौकटीवरची पट्टी सगळं शाबूत राहतं. ‘‘पूर्ण लॉकच बदलायला लागेल’’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारावं, नुसता सिलिंडर मिळत नाही का? चालू कंपन्यांचा बहुधा मिळतो. फार जुन्या लॅचचा मिळत नाही, तेव्हा त्याचं म्हणणं खरं असतं.

पैशांची बोलणी फोनवरच चार तुकड्यांत करावीत : येण्याचे किती, न मोडता उघडलं तर किती, मोडावं लागलं तर मजुरी किती, आणि सामानाचे वेगळे किती. रात्री दहानंतर दर वाढतो. तो वाढावाच, माणूस झोपेतून उठून येतो. दार उघडलं नाही तर फक्त येण्याचे द्यायचे, हेही आधीच बोलून घ्यावं. नवा सिलिंडर बसवला तर त्याचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, आतल्या सगळ्या किल्ल्या मोजून तुमच्या हातात आल्या पाहिजेत आणि जुना सिलिंडरही तुमच्याकडेच राहिला पाहिजे. पैसे शक्यतो यूपीआयने द्यावेत. खात्यावरचं नाव स्क्रीनवर येतं, तेवढी नोंद राहते.

कपाटाचं कुलूप मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि तिथे जास्त सांभाळावं लागतं. घरोघरी जे लोखंडी कपाट असतं, कोणत्याही कंपनीचं असलं तरी ज्याला आपण ‘गोदरेज’च म्हणतो, त्याची किल्ली हरवली म्हणून लोक गल्लीत किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरणाऱ्याला वर बोलावतात. पत्ता नाही, पेटी नाही, फोन नंबर नाही. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे आणि वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येते. तो कुलूप खुडबुडतो, मग म्हणतो, जरा खोबरेल तेल आणा, मेणबत्ती आणा, किल्ली गरम करायची आहे. घरातली बाई आत जाते. परत येते तेव्हा किल्ली कुलपात अडकवलेली असते आणि तो सांगतो, ‘‘आता तासभर हात लावू नका, किल्ली बसू द्या, मी येऊन काढतो.’’ तो परत येत नाही. तासाभराने कपाट उघडलं की आतला लॉकर रिकामा. लोखंडी कपाटाच्या कुलपाला ‘बसायला’ वेळ लागत नाही, कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरातल्या आजी-आजोबांच्या कानावर घालून ठेवलं तरी पुरे. कपाट उघडायला माणूस आला की खोलीत दोघांनी थांबावं, एकानेही हलू नये, जे लागेल ते त्याने पिशवीतून काढावं. उघडल्या उघडल्या, त्याच्यासमोरच, आतलं सगळं तपासावं. त्याला वाईट वाटेल असं मनात आणू नये. खऱ्या कारागिराला उलट सुटल्यासारखं वाटतं, कारण नंतर कोणी त्याच्यावर आळ घेत नाही.

जुन्या कपाटांच्या किल्लीवर किंवा कुलपाच्या तोंडावर बऱ्याचदा एक क्रमांक ठोकलेला असतो. तो आजच लिहून ठेवा, पण कपाटात नको.

आणि आता पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये चावीवाल्यांना जे फोन येतात, त्यांतल्या कितीतरी फोनांत कुलपाचा दोषच नसतो. दार फुगलेलं असतं. ठाण्याला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर, मध्ये चार महिने हवेत ओल; लाकडी दार आणि चौकट दोन्ही पाणी पितात. दार दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या कडेला घासते. किल्ली जड जाते, आपण जोर करतो, आणि पितळेची किल्ली मानेत तुटते. तपासायची रीत सोपी आहे. दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. उघड्या दारात सुरळीत फिरते आणि बंद दारात अडते, म्हणजे कुलूप निर्दोष आहे. तिथे सुताराचं काम आहे, किंवा कानशीने पट्टीचं भोक जरा मोठं करण्याचं. तोवर दार स्वतःकडे ओढून, नाहीतर खांद्याने थोडं आत दाबून, मग किल्ली फिरवावी. उघड्या दारातही अडत असेल तर दोष किल्लीत किंवा सिलिंडरमध्ये.

सिलिंडरमध्ये तेल घालू नये. विशेषतः खोबरेल. घातल्यावर पहिले आठ दिवस लोण्यासारखं चालतं, मग त्यात धूळ बसते, थंडीत तेल गोठतं, आणि पिना चिकटतात. ग्रॅफाइटची पूड मिळते, ती किल्लीवर चिमूटभर घेऊन चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. तीही नसली तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दात्यांवर नीट घासावी. शिसपेन्सिलीत ग्रॅफाइटच असतं. बाहेर, गेटला लटकणाऱ्या टाळ्याचा नियम निराळा. त्याच्यावर थेट पाऊस पडतो, गंज चढतो, तिथे कडीच्या भोकात पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब वर्षातून दोनदा बरे.

किल्ली आत तुटली तर? थांबायचं. उरलेला तुकडा पुन्हा खुपसून बघायचा नाही, आतला तुकडा आणखी आत जातो. फेव्हिक्विक लावून चिकटवून काढण्याचा प्रयोग तर अजिबात नको; त्यानंतर किल्ली आणि सिलिंडर एकजीव होतात. हातातला तुकडा जपून ठेवायचा. चावीवाला आतला तुकडा ओढून काढतो आणि दोन्ही तुकडे जुळवून त्यावरून नवी किल्ली कापतो.

नक्कल करण्याबद्दल थोडं, कारण निम्मी दुखणी तिथून सुरू होतात. मशीनमध्ये एका बाजूला मूळ किल्ली, दुसऱ्या बाजूला कोरी. एक टोक मूळच्या दात्यांवरून फिरतं, तेवढीच चाल दुसरीकडचं चाक कापतं. प्रत्येक नकलेत केसभर फरक पडतो. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी एक, असं तीनदा झालं की फरक पिनेला जाणवण्याइतका होतो. म्हणून नक्कल कायम कंपनीच्या मूळ किल्लीवरून. मूळ किल्ली रोज वापरायची नाही. ती झिजते, आणि झिजलेल्या मूळ किल्लीची हुबेहूब नक्कल म्हणजे झिजलेलीच किल्ली. कोरी किल्ली पितळेची मागावी, वर चकाकणारा मुलामा असला तरी चालेल. साध्या लॅचची नक्कल शंभर रुपयांच्या आतबाहेर होते, खळग्यांच्या किल्लीला त्याच्या काही पट लागतात, कारण मशीन वेगळं असतं. काही कुलपांबरोबर क्रमांकाचं कार्ड येतं, ते दाखवल्याशिवाय कंपनीकडून नक्कल मिळत नाही. ते कार्ड लोक खोक्याबरोबर रद्दीत देऊन टाकतात.

नवी नक्कल घरी आली की आधी उघड्या दारात दहा वेळा फिरवून बघावी. बंद दारात पहिल्यांदा बघायची नाही. किंचितही खुटखुट असेल तर त्याच दिवशी परत न्यावी; चावीवाला दोनदा कानस मारून देतो, पैसे घेत नाही.

आपल्या भाषेत कुलूप अरबी-फारसीतल्या ‘कुफ्ल’वरून आलं आणि चावी पोर्तुगीजांकडून. ठाण्याला हे शोभून दिसतं. पोर्तुगीजांनी इथला किल्ला १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला, आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्याच्या कैदेतून निसटले. बाहेर घोड्याची निगा राखणारा माणूस मराठी गाण्यांतून बेत कळवत होता आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना ती गाणी कळत नव्हती, असं सांगतात. कुलपाची परीक्षा तिथे झालीच नाही. वाट भलत्याच बाजूने निघाली.

घरफोडीतही बहुतेकदा असंच होतं. बातमीत वाचा : ‘कडी-कोयंडा उचकटून’. आठ लिव्हरचं भारी टाळं घ्यायचं आणि ते लटकवायचं तीस वर्षांपूर्वीच्या गंजक्या कोयंड्याला, ज्याचे स्क्रू बाहेरून दिसतात आणि कुजलेल्या लाकडात अर्धा इंच रुतलेले आहेत. टाळं शेवटपर्यंत बंदच राहतं, कोयंड्यासकट हातात येतं. लॅचचंही तसंच. चौकटीवरच्या पट्टीला सोबत आलेले बारके स्क्रू लावले असतील तर एका लाथेत पट्टी सुटते. तिथे दोन-अडीच इंची स्क्रू लावायला सांगावं, चौकटीत खोलवर जाणारे. खर्च चहापेक्षा जास्त नाही. मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप, असेल तर सिलिंडर बाहेरच्या पट्टीपुढे किती डोकावतो ते बोटाने बघावं; तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत असेल तर तो पकडीत धरून मोडता येतो, कारण मधल्या स्क्रूच्या भोकापाशी तो सगळ्यात बारीक असतो. दाराच्या जाडीला बेतलेला, साठ, सत्तर की ऐंशी मिलिमीटरचा, मोजून घ्यावा. नवी मूठ घेताना मुठीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतरही मोजून न्यावं. बरेचदा ते ८५ मिलिमीटर भरतं. नसेल तर दाराला नवी भोकं आणि जुन्या भोकांवर ठिगळं.

भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच, मालकाला सांगून, सिलिंडर बदलावा. अकरा-अकरा महिन्यांचे करार झालेल्या घरात आधीच्या तीन भाडेकरूंच्या, त्यांच्या कामवाल्या मावशींच्या आणि एजंटच्या किल्ल्या कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. जुना सिलिंडर पिशवीत बांधून ठेवावा, घर सोडताना पुन्हा बसवून द्यावा.

नव्या टॉवरांमधल्या अंगठ्याच्या ठशाच्या कुलपांनी चावीवाल्याचा धंदा बसेल असं वाटलं होतं. बसला नाही. बॅटरी संपते. आधी काही दिवस कुलूप चिवचिव आवाज करून सांगत असतं, घरातले सगळे तो आवाज दुसऱ्याच यंत्राचा समजतात. बऱ्याच मॉडेलांत बाहेरच्या बाजूला खाली दोन बिंदू असतात, तिथे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की कुलूप तेवढ्यापुरतं जागं होतं. काहींत चार्जरची पिन लागते. आणीबाणीसाठी साधी किल्लीही दिलेली असते. ती असते घरात, देव्हाऱ्याच्या खणात, प्लास्टिकच्या पुडीतून न काढलेली.

पण कुठलंही कुलूप असो, आतली कडी लावलेली असेल तर चावीवाल्याचे हात बांधलेले. वरचा अडसर, साखळी, टॉवर बोल्ट हे किल्लीने उघडत नाहीत. एकट्या राहणाऱ्या आजी रात्री लॅच लावतात, मग कडी, मग साखळी, मग खाली अजून एक बोल्ट. बाथरूममध्ये पाय घसरला की मुलगा पुण्याहून किल्ली घेऊन आला तरी दारातच उभा. एकट्या म्हाताऱ्या माणसांनी रात्री फक्त किल्लीचं लॉक लावावं, कडी नको. त्यांना हे पटवणं अवघड असतं, कारण कडी सरकवल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. मग दुसरा उपाय : आतून दोन लॅच लावा, दोन्ही बाहेरून उघडणारी, आणि दोन्हींची किल्ली शेजारी ठेवा.

शेजारी म्हणजे चपलांच्या कपाटात नाही, कुंडीखाली नाही, मीटरबॉक्सवर तर नाहीच. एखाद्या माणसाकडे. शक्यतो दुपारी घरात असणाऱ्या, आणि आपल्याच मजल्यावर नसलेल्या. मजला बदलला की किल्ली कोणाची हे पटकन कळत नाही. तिला फ्लॅटचा नंबर लिहिलेली पट्टी बांधू नये, रंगीत दोरा बांधावा. आणि कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचा नंबर शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये घालून ठेवावा, कारण वारा येईल तेव्हा आपला फोन ओट्यावर असेल.

बाकी, खालच्या काकूंकडे तुमची जी किल्ली आहे ती मागच्या दिवाळीच्या आधी दिलेली. लॅच बदललंत मार्चमध्ये.